कुलदीपचे कान

नागसेननं बारीक चिमट्यानं हेडफोनच्या छिद्रातून काहीतरी ओढून काढलं आणि काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर ठेवलं. झेंडूच्या पाकळीचा वाळलेला तुकडा होता.

"हे पाहा मावशी. हे आत फसलं होतं. फोनले वाटते हेडफोन लावून हाये, म्हनून तो बाहेर आवाजच सोडत नाई."

जमुनानं पाकळीकडे पाहिलं. फोन दिवसभर फुलांच्या टोपलीतच पडलेला असायचा, तेव्हा त्यात पाकळी जाणं काही नवल नव्हतं. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

नागसेननं छिद्रात ब्रश फिरवला, फोन बंद करून पुन्हा सुरू केला आणि एक गाणं लावलं. अकोल्याच्या बसस्टँडमागच्या त्या अरुंद दुकानात गाणं दणदणीत वाजलं. मग त्यानं आपल्या फोनवरून तिला फोन लावला आणि रस्त्यापलीकडे जाऊन बोलला. त्याचं तिला ऐकू आलं, तिचं त्याला.

"झालं. बराबर हाये आता."

"इथं वाजतेच तो," जमुना म्हणाली. "पातूरच्या दुकानात बी वाजला. त्यानं स्पीकर बदलून देला. घरी गेल्यावर पुन्हा तेच. घरीच बंद होते तो."

"घरीच?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर. रोज नाई होत, पन झालं का दुपारीच होते."

नागसेन स्टुलावर बसला. "बंद म्हंजे कसं? घरघर येते, का एकदम गायब?"

"एकदम. वाजता वाजता. पडद्यावर तं दिसते चालू हाये, ते रेघ पुढं सरकत राहते, पन आवाज नाई. मंग काई वेळानं आपल्याआप येते."

"आन कोनाचा फोन आला तं?"

जमुनानं पदर सावरला. "माही पोरगी हाये रागिणी. अमरावतीले नर्सिंग शिकते. तिचा फोन दुपारी आला का मी उचलते, हॅलो हॅलो करते. मले तिचं आयकू येत नाई, तिले माहं जात नाई."

"माईक बी गेला म्हंजे."

"नाई ना. आवाज जाते तिले. माहा नाई जात. ते म्हनते, आई, तू बोलत काहून नाई, नुसता श्वास घेऊन राहिली. मांगून पाखरं वरडतात म्हनते. पान्याचा आवाज येते म्हनते. मी तं तवा घरात असते बाप्पा, चुलीपाशी. तिथं कुठली पाखरं?"

दुकानाच्या दाराशी कव्हर पाहत उभा असलेला माणूस हातातलं कव्हर खाली ठेवून तिच्याकडे पाहू लागला. नागसेननं गाणं बंद केलं.

"फोन तुमचाच हाये?"

"पोराचा. कुलदीपचा." तिनं काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं. "भादव्यात गेला तो. डेंगू झालता."

नागसेननं फोन हलक्या हातानं आपल्याकडे फिरवून घेतला.

जमुनाचा आधीचा फोन जुना, बटनांचा होता. सुतकानंतर अमरावतीला परत जाताना रागिणीनं आईचं सिम कुलदीपच्या फोनमध्ये घालून दिलं. असू दे तुझ्याजवळ, एवढंच म्हणाली. मग एका दुपारी जमुनाला सापडलं की कुलदीपनं केलेले आणि त्याला आलेले सगळे फोन आत रेकॉर्ड होऊन पडलेत. तेव्हापासून हार ओवताना ती ते लावायची. त्यात जपून ठेवावं असं काही नव्हतं. फुलबाजारातल्या व्यापाऱ्याशी ओल्या मालावरून घातलेली हुज्जत. जीवन नावाच्या दोस्ताशी मोटरसायकलच्या चेनबद्दलचं लांबलचक बोलणं. रागिणीला तिच्या मेसच्या भाजीवरून चिडवणं. जमुनाला ते सारं पाठ झालं होतं. तो कुठं खोकतो, कुठं "अबे" म्हणतो, कुठं मागून बस जाते. आवाज गेला तरी सरकत्या रेघेवरून तिला कळायचं, आता तो हसला असेल.

हे काही ती दुकानात बोलली नाही.

नागसेन फोनमध्ये एकेक गोष्ट उघडून पाहत होता. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"मावशी, हे काय हाये? 'कुलदीपचे कान'?"

जमुनाचा हात काचेवरून खाली आला.

"ब्लूटूथ चालूच हाये तुमचं," तो म्हणाला. "आन त्याच्यात हे एकच नाव हाये. बिनवायरचे असतात ना, कानात घालायचे, त्याइले त्यानं हे नाव ठेवलं असन."

तिला आठवलं. उन्हाळ्यात आणले होते त्यानं. ती वाफ्यातून हाका मारून मारून थकायची आणि ओरडायची, "तुले कान हायेत का नाई रे?" त्यावर तो पांढरी डबी दाखवून म्हणाला होता, "हे काय, नवे घेतले." नावही त्यानं तेच ठेवलं असणार. त्या वेळी ती हसली नव्हती. टोपली डोक्यावर होती, घाई होती.

"डबीतून काढून कानात घातले का फोन आपल्याआप त्याइले जुळते," नागसेन सांगत होता. "मंग सारा आवाज तिकडं जाते. आन फोन आला तं बोलनं बी तिकडूनच. ज्याच्या कानात असन त्याचा श्वास, त्याच्या आजूबाजूचे पाखरं. तुमच्या पोरीले तेच आयकू येते."

"पन ते तं त्याच्यासंग दवाखान्यात होते."

"मंग दवाखान्यातून घरी आले असन." तो क्षणभर घुटमळला. "त्याइले चार्ज कराव लागते मावशी. भादव्यापासून पडून असते तं कधीचे मेले असते. कोनीतरी चार्ज करून राहिलं. आन लय दूर बी नाई. घराच्या जवळपासच असन कुठं."

दाराशी उभा असलेला माणूस कव्हर न घेताच निघून गेला.

"हे नाव मी इथून काढून टाकतो," नागसेन म्हणाला. "मंग पुन्हा हा त्रास नाई." त्यानं त्या नावावर बोट दाबलं. खाली प्रश्न आला, हे उपकरण विसरायचं का? त्याचं बोट उत्तरापाशी गेलं.

जमुनानं पुढं वाकून फोन त्याच्या हातून घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा ओढला.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरी पाहते मी."

पातूरची बस भरलेली होती. तिला मागच्या चाकावरची जागा मिळाली. फोन तिनं पिशवीत ठेवला, मग काढून मांडीवर ठेवला, मग उलटा करून ठेवला.

घरात दोनच माणसं उरली होती, ती आणि चंद्रभान. दवाखान्यातून कुलदीपचं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलं होतं. शर्ट, पट्टा, चपला. ती पिशवी चंद्रभाननं घेतली होती एवढं तिला आठवत होतं. नंतर तिचं काय झालं ते ना तिनं विचारलं, ना त्यानं सांगितलं. तसं तो काहीच सांगत नव्हता. पोरगा गेला तेव्हा दवाखान्याच्या ओसरीत तो भिंतीला टेकून उभा राहिला होता, बसलासुद्धा नाही. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेवंतीला पाणी द्यायला गेला. जमुनाला ते लागलं होतं. आलेल्या बायकांसमोर ती बोलली नाही, पण त्या दिवसापासून त्याच्या ताटात भाकर वाढताना तिचा हात कोरडा झाला. तोही मागायचा नाही. पाणी सोडलं, फवारा संपला, गाडी आली, एवढंच दोघांत बोलणं उरलं होतं.

दुपारी जेवून तो मागच्या टिनाच्या खोलीत जाऊन बसायचा. तिथं खताची पोती होती, फवारणीचा पंप होता, त्याची बॅटरी चार्ज करायचा बोर्ड होता. दाराशी हौद, वर आंबा, आणि आंब्यावर सातभाईंची कलकल.

पाखरं. पाणी. जमुनानं बसच्या खिडकीचा गज धरला.

एकदा ती राख टाकायला मागं गेली होती तेव्हा खोलीतून त्याचा आवाज आला होता. "हो," असं तो म्हणाला होता. मोठ्यानं, कुणाला तरी उत्तर द्यावं तसा. आत दुसरं कुणी नव्हतं. माणूस एकटा पडला की बोलतो असं समजून ती परत आली होती.

चंद्रभानजवळ बटनांचाच फोन होता. ब्लूटूथ वगैरे त्याला काय ठाऊक असणार? त्यानं ती डबी पिशवीतून काढली असेल. पोराची वस्तू म्हणून कानात घालून पाहिली असेल. वायर नाही, फोन नाही, समोर काहीच नाही, आणि कुलदीप बोलू लागला. त्याला काय वाटलं असेल?

तो रोज तिथं जाऊन बसतो. पोरगा बोलेल म्हणून वाट पाहत बसतो. आणि बोलणारं सारं तर तिच्या टोपलीत होतं. दूध उतू जातं म्हणून, गिऱ्हाईक आलं म्हणून तिनं कितीदा ते मध्येच बंद केलं होतं. तेवढ्यात तिकडे पोरगा बोलता बोलता थांबला असेल. काही न सांगता, पुन्हा एकदा.

घरी आली तेव्हा चंद्रभान अंगणात शेवंतीचे क्रेट रचत होता.

"झाला का दुरुस्त?" त्यानं विचारलं.

"झाला म्हनते तो," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातल्या गुरुवारचे हार द्यायचे होते. सकाळभर दोघं फुलं निवडत राहिले. जेवण झालं. चंद्रभाननं हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि मागच्या दारानं गेला. टिनाचं दार करकरल्याचं जमुनानं ऐकलं.

ती टोपलीजवळ बसली. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागला. मग तिनं फोन पुढ्यात घेतला आणि व्यापाऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.

"हॅलो, हां काका, कुलदीप बोलून राहिलो," फोन म्हणाला. "माल काल सांजीच तोडला होता, ओला कसा राहीन? तुमी हात लावून..."

आवाज गेला.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक खूण उमटली होती. ती इतके दिवस तिला दिसली नव्हती, किंवा दिसूनही कळली नव्हती. रेघ पुढं सरकत होती. जमुना उठली. तो तसाच चालू असलेला, मुका फोन हातात धरून ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि हौदाला वळसा घालून खोलीशी आली. दार अर्धं उघडं होतं.

चंद्रभान खताच्या पोत्यावर बसला होता, दाराकडे पाठ करून. फवारणीच्या बॅटरीशेजारी बोर्डाला एक बारीक वायर लावलेली होती आणि तिच्या टोकाला ती पांढरी डबी होती, उघडी आणि रिकामी. त्याच्या कानात पांढरं काहीतरी दिसत होतं. पिकलेल्या केसांत ते चटकन ओळखू येत नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मान थोडी कलती होती, पलीकडच्या माणसाचं नीट ऐकून घ्यावं तशी.

जमुनानं फोनकडे पाहिलं. रेघ मध्यावर आली होती. इथं कुलदीप व्यापाऱ्याला म्हणतो, "काका, तुमी तं रागावूनच राहिले," आणि हसतो. त्याच वेळी चंद्रभानचे खांदे किंचित हलले.

आपण चोरून पाहतोय असं तिला वाटलं, जणू खोलीत खरोखर दोघं बसले होते आणि ती तिसरी होती. तिला परत फिरायचं होतं. पण फिरताना अंगठा काचेला लागला आणि रेघ थांबली.

चंद्रभान हलला नाही. वर आंब्यावर पाखरं भांडत होती. तो वाट पाहत राहिला. जमुनाला वाटलं, आता तो पोराला हाक मारेल. नावानं हाक मारेल आणि मग ते आपल्याला ऐकावं लागेल.

"काहून थांबवलं?" चंद्रभान म्हणाला.

ती दारातच उभी राहिली. त्यानं मान वळवली नव्हती.

"तुमाले मालूम होतं?"

"मंग?"

"मी आवाज लावते, हे मालूम होतं?"

आता तो वळला. डोळे कोरडेच होते, नेहमीसारखे. "पहिल्या दिवशी नाई मालूम पडलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी उठून दारापर्यंत गेलतो, पाहाले. मंग तिकून तुहा आवाज आला. फोन आपटून राहिली होती तू. काय झालं या मेल्याले, म्हने."

जमुना आत आली. बसायला दुसरं काही नव्हतं, तिनं एक क्रेट उलटा केला.

"मी पातूरले गेली, अकोल्याले गेली. सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं लावनं बंद केलं असतं तुनं."

तिला नाही म्हणायचं होतं. पण बंद केलं असतं की काय हे तिलाच ठाऊक नव्हतं. कदाचित केलं असतं. गेल्या काही महिन्यांत तिला त्याला काहीच द्यावंसं वाटलं नव्हतं.

"पोरगी आई आई करून राहिली होती तिकून," ती म्हणाली. "तुमच्या कानात येत होतं ना? एखादा शबूद तरी बोलाव की नाई? ते घाबरली ना तिथं."

"काय बोलू?" चंद्रभान म्हणाला.

आणि तो खरंच विचारत होता. जमुनानं त्याच्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या ओसरीत भिंतीला टेकलेला हाच चेहरा होता. त्या दिवशी तिला तो दगडाचा वाटला होता.

हौदात नळ ठिबकत होता. चंद्रभाननं दुपट्ट्याच्या टोकानं पंपाच्या झाकणावरची धूळ पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"तो व्यापारी झाला, जीवन झाला, रागिणी झाली," तो खाली पाहत म्हणाला. "माह्याशी बी बोलत असन ना तो फोनवर. रोज अकोल्याहून करे." झाकण त्यानं पुन्हा पुसलं. "माह्यावाला काहून नाई लावत तू?"

जमुनाच्या हातात फोन होता. 'बाबा' नावाची खूप रेकॉर्डिंग होती त्यात, सगळ्यात जास्त तीच होती. ती रोज त्यांच्यावरून बोट पुढं सरकवायची. सुरुवातीला तिनं एक लावलं होतं, मग दुसरं, तिसरं, आणि मग सोडून दिलं होतं. सगळी सुरू व्हायच्या आत संपत होती.

"त्यात काई नाई वो," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून हळू आला. "तो इचारते, तुमी हो म्हनता, नाई तं नाई म्हनता. ठेवून देता."

"असू दे."

"एवढंसंच हाये."

"असू दे. लाव."

तिनं बोटानं यादी वर ढकलली. कुठलं लावावं हे तिला ठरवता येईना. शेवटी नजरेसमोर आलं त्यावर तिनं बोट टेकवलं आणि फोन मांडीवर ठेवला.

तिला काहीच ऐकू आलं नाही. चंद्रभाननं एक हात उचलून कानावर धरला. रेघ सरकू लागली. पोरगा बोलत असणार. बाजारातली गर्दी असणार मागं. तो विचारत असणार, बाबा, रोपं आणू का, का दोरी आणू का, असलंच काहीतरी.

"आन," चंद्रभान म्हणाला.

रेघेला शेवटाकडे जायला थोडीच जागा राहिली होती. जमुनाला ती दिसत होती, त्याला दिसत नव्हती.

"आन," तो पुन्हा म्हणाला. मग घाईनं, कुणी फोन ठेवून देईल या भीतीनं म्हणावं तसं, "जेवला का रे तू?"